तिसरा महिना लागेपर्यंत

आमच्या सासूबाई जिवनबाई यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण त्यांनीच मला शपथ घातली, की तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नजर लागते. मागच्या खेपेला त्यांनीच तांडाभर सांगितलं होतं आणि आठवड्यात सगळं संपलं होतं. म्हणून मीही मुकाट मान डोलावली.

पण मी हिंगोलीला किमोच्या वॉर्डात नर्स. कॅन्सरची औषधं सलाइनमध्ये मिसळायची ती आम्हीच. त्यांचा थेंबही पोटुशीला घातक, म्हणून तिला ते काम देत नाहीत. फक्त तिनं तसं सांगायला हवं!

मग मी मनगट मुरगळल्याचं सोंग घेतलं. माझ्या वाटणीची औषधं सोबतची नर्स खुशनुमा बनवू लागली. ही पोरगी इतकी भली, की घरून माझ्यासाठी हळदीचा लेप आणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी इन्चार्ज निर्मला सिस्टर म्हणाल्या, "किती लाड करशील त्या हाताचे? उद्यापासून तूच बनव."

संध्याकाळी कळमनुरीजवळच्या आमच्या तांड्यावर, चुलीपुढे, मी सासूबाईंजवळ रडलेच. "आई, मी सांगून टाकू, का त्या औषधाला हात लावू?"

"औषधच हाय ना? जहर थोडंच हाय?"

"पेशंटला औषध. पोटातल्या लेकराला जहरच."

भाकरी थापणारे हात थांबले. "फवारणीच्या दिशी गाभण गाय बी आमी त्या बांधाला बांधत न्हाई," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आन् सुनेला बांधून राहिले."

सकाळी बघते तर बाई नवं लुगडं नेसून माझ्याआधी बसमध्ये. वॉर्डाच्या दारातूनच, सलाइन लावलेल्या पेशंटांसमोर, त्यांनी आवाज दिला, "मोठ्या सिस्टर कोण? माझ्या सुनेला दिवस गेलेत! तिला त्या औषधाला हात लावू देऊ नका!"

झालं, नजरेची ऐशीतैशी! कोपऱ्यातले लतीफचाचा "मुबारक हो बेटी" म्हणाले. निर्मला सिस्टरांनी गालात हसत माझ्या मनगटावरचं बँडेज सोडवलं. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड उतरला आणि मी त्याच वॉर्डात खुळ्यासारखी हसत सुटले.

सासूबाई मात्र हलेनात. "मग आता ते औषध कोण बनवणार?"

"मी, मौशी," गाऊन घालत खुशनुमा म्हणाली.

त्यांनी तिला खालीवर न्याहाळलं. "काहून? तुला लेकरं व्हायची न्हाईत का?"

निर्मला सिस्टरांनी दुहेरी हातमोजे, मास्क, औषध बनवायचं काचेचं बंद कपाट, सगळं दाखवलं. तरी बाईंच्या कपाळावरची आठी जाईना. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "बरं, आजपासून एक दिवस ती, एक दिवस मी."

तेव्हा कुठं सासूबाई खुशनुमाच्या मागं गेल्या. गाऊनचे बंद स्वतः बांधले, दुहेरी गाठ मारली आणि ओढून पाहिली.

"ढिली न्हाई ना, पोरी?"

"न्हाई मौशी. बराबर हाय."