बहिणीला लिहिलेला अर्ज

मयुरीचं इंग्रजी जंगलाकडच्या पोंभुर्ण्यात बसून शिकलेलं, सगळं पुस्तकी. इंग्लंडची रूथ मोहफूल वेचणाऱ्या बायांवर अभ्यास करायला आली आणि मयुरीच्याच घरी उतरली. पहिला आठवडाभर मयुरी तिच्याशी प्लीज म्हटल्याशिवाय एक वाक्य बोलली नाही. दिवसभर दुभाष्याचं काम, रात्री एकाच खोलीत झोपणं, असे आठ महिने गेले. मधे रूथला मलेरिया झाला तेव्हा उशाशी मयुरीच बसली. आई तर रूथला मयुरीची बहीणच म्हणू लागली. मग कसलं प्लीज न् कसलं काय! "ऊठ," "चल," "दे इकडं," असं इंग्रजीतून बिनधास्त सुरू झालं. त्या झाडीपट्टीत घरच्या माणसाशी असंच बोलतात, अदब आली की समजायचं, माणूस रुसलं. रूथ मात्र शेवटपर्यंत "तुला जमणार असेल तर" असंच म्हणायची. मयुरीला ते टोचायचं, पण गोऱ्यांची सवय म्हणून तिने सोडून दिलं.

रूथ परत गेली. वर्षभराने मयुरीला मुंबईत शिकायला शिष्यवृत्ती मिळायची वेळ आली. अडलं होतं एकाच कागदावर. त्या आठ महिन्यांच्या कामाबद्दल रूथचं शिफारसपत्र हवं होतं.

"तुया बहिणीले सांग ना," आई म्हणाली. "काऊन इचार करून राह्यली?"

खरंच, विचार कसला करायचा? मयुरीने लिहिलं : पत्र पाठव. शुक्रवारच्या आत. विसरू नको.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, लांबलचक आणि मऊ. रूथला फार काम होतं, जमेलसं वाटत नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'राग मानू नकोस, पण तू माझ्याशी नेहमी मोलकरणीशी बोलावं तसं बोललीस. तुमच्या घरी पाहुणी होते, म्हणून गप्प राहिले.'

मोलकरीण म्हणे! जिला सख्खी मानलं, ती इतके दिवस मनात हे धरून होती. मयुरी न्हाणीत जाऊन पोटभर रडली.

समजावून सांगावं तर शुक्रवार उद्यावर आलेला. तिने डोळे पुसले आणि तहसीलदाराला अर्ज करावा तसं लिहिलं : आदरणीय मॅडम, आपल्या बहुमोल वेळातून, शक्य झाल्यास, कृपा करून.

तासाभरात शिफारसपत्र आलं. भरभरून कौतुक होतं त्यात. सोबत दोन ओळी होत्या : 'किती गोड लिहिलंस! आज पहिल्यांदा वाटलं, आपण खरंच मैत्रिणी आहोत.'

त्या ओळी वाचून मयुरीला मुंबईचा आनंदही होईना.

"आलं?" आईने विचारलं. "मी म्हणत होती ना, बहीण हाय ते तुयी. आता तिले लिव, दिवाळीले घरी ये म्हणा."

मयुरीने मोबाईल हातात घेतला. नुसतं 'ये' लिहायला बोट धजेना आणि कृपा करून या, असं लिहायला मन तयार होईना. शेवटी तिने मोबाईल बाजूला ठेवला.

"लिवलं," ती म्हणाली.

आई लगेच रूथची गादी उन्हात टाकायला गेली.