दोन कुलपांचं कपाट

मी कपाट बोलतोय. मलावीच्या पश्चिम सरहद्दीजवळ एक मिशनचं इस्पितळ आहे. तिथं सिस्टर फालेसींच्या खोलीत, भिंतीला चार बोल्टांनी आवळून मला उभं केलंय. उंची जेमतेम माणसाच्या छातीएवढी. माझं दार उघडलं की आत आणखी एक दार लागतं, आणि दोन्ही दारांना वेगवेगळी कुलपं. एवढा बंदोबस्त या इस्पितळात दुसऱ्या कशालाच नाही. तरीही माझं नेमकं काम काय, ते मला आजवर नीट समजलेलं नाही. तुम्हाला समजतंय का बघा.

माझा जन्म बाजारामागे, वायसन सुताराच्या छपरीत झाला. तो म्बावा नावाच्या झाडाच्या तांबूस फळ्यांवर रंधा मारत होता. इस्पितळाचा माणूस माप द्यायला आला आणि म्हणाला, दाराच्या आत दार हवं.

"आत काय ठेवणार? बिशपचं सोनं?" वायसननं विचारलं.

"औषध."

"औषधाला दोन दारं? मग आजाऱ्यानं काय, घणानं फोडून घ्यायचं?"

"वरून तसा नियम आहे."

"वरून म्हणजे देवाकडून?"

"राजधानीतून. आणि त्याच्याही वरून. सगळ्या देशांनी मिळून केलाय."

वायसन गालातल्या गालात हसला आणि बिजागऱ्या ठोकू लागला. सगळ्या देशांनी मिळून माझ्याबद्दल काहीतरी ठरवलंय, हे ऐकून मला मात्र मोठी ऐट वाटली.

माझ्यात मॉर्फिन ठेवायचं होतं. पांढरी पावडर परदेशातून यायची. ती इथं पाण्यात मिसळून बाटल्या भरायच्या. बाहेरच्या कुलपाची किल्ली सिस्टर फालेसींकडे आणि आतल्याची औषधं देणाऱ्याकडे, म्हणजे एकट्याला काही उघडता येऊ नये. कॅन्सरनं हाडं पोखरलेली माणसं इथं यायची. त्यांना एक चमचा दिला की तासाभरात ती उठून बसायची, मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा मागायची, बायकोशी भांडायची. त्या दिवसांत माझ्या मनात कसलीच शंका नव्हती.

मग दालित्सोचं प्रकरण झालं. औषधं देणारा तरुण तोच, आतली किल्ली त्याचीच. त्याची पाठ दुखायची. बाटल्या भरताना त्यानं एकदा अर्धा चमचा घेतला. मग रोज घेऊ लागला. कमी झालेलं भरून काढायला तो बाटलीत पाणी ओतायचा. वॉर्डातली माणसं पाणी पिऊन कण्हत राहिली आणि सिस्टरना वाटत राहिलं की आजारच वाढलाय. शेवटी सिस्टरनी स्वतः चव घेतली. मॉर्फिनचा कडूपणा नव्हता. दालित्सो माझ्यासमोर जमिनीवर बसून रडला. त्याचे हात इतके थरथरत होते की खिशातली किल्लीही त्याला काढता येईना. त्याचा मोठा भाऊ त्याला धरून घेऊन गेला.

त्या दिवसापासून माझा गोंधळ सुरू झाला. एकाच बाटलीतला एक चमचा म्हाताऱ्याला उठवून बसवतो आणि दुसरा चमचा धडधाकट पोराला बसवून टाकतो. मग मी औषध सांभाळतोय की विष? आणि कुणापासून कुणाला वाचवतोय?

दालित्सोनंतर लामेक फिरी आला. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेला माणूस. त्याच्या वेळेत एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. पण तिसऱ्या वर्षी पावडर येणंच थांबलं. आधी वाटलं, आठवडाभर उशीर असेल. मग महिना गेला, दोन गेले. नियमाप्रमाणे सिस्टर आणि लामेक रोज सकाळी यायचे, दोन्ही कुलपं उघडायचे, माझ्या रिकाम्या फळीकडे बघायचे, वहीत 'काही नाही' लिहून दोघं सह्या करायचे, आणि दोन्ही कुलपं परत लावायचे. रिकाम्या पोटाला दोन कुलपं. मी आतल्या आत ओशाळून जायचो.

त्याच सुमारास एनिफा मावशी आली. सुकटवाली. तळ्यातली उसिपा नावाची बारीक मासळी सुकवून, टोपल्यांत भरून, तिनं तीस वर्षं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे बाजार केले होते. पलीकडे झांबियात बोली तीच, आडनावं तीच, आणि सुकटीची चवही तीच. मावशीला गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि फार उशिरा कळला होता. तिची खाट माझ्या भिंतीच्या अगदी पलीकडे. पहिले काही दिवस ती खाटेवरून सगळ्या वॉर्डाला बोल लावायची. मग तिचा आवाज कमी झाला. ती अंगावरच्या कापडाचं टोक तोंडात धरून पडायची. दुपारी भिंतीतून मला तिच्या दातांखाली कापड करकरताना ऐकू यायचं.

एक दिवस धाकटी बहीण झिओने तिला चाकांच्या खुर्चीतून सिस्टरच्या खोलीत घेऊन आली. मावशीची नजर माझ्यावर पडली.

"सिस्टर, त्या कपाटात काय आहे?"

"काही नाही, मावशी."

"मग कुलूप कशाला?"

सिस्टरनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांनी खुर्ची स्वतः वॉर्डाकडे वळवली.

ती गेल्यावर सिस्टरनी लामेकला विचारलं, "मला एकदा नीट समजावून सांग. पावडर का येत नाही?"

लामेकनं चहाचा कप खाली ठेवला. "हे बघा. अशा औषधांवर नजर ठेवणारं एक मंडळ व्हिएन्नाला आहे. दर वर्षी प्रत्येक देश त्याला कळवतो, आम्हाला इतकं लागेल. त्याहून जास्त कुणी आपल्याला विकायचं नाही. चोरट्या धंद्यात जाऊ नये म्हणून. ते ठीकच आहे."

"मग आपण कमी का कळवलं?"

"गेल्या वर्षीचा वापर बघून कळवलं. गेल्या वर्षी माल उशिरा आला होता. म्हणून वापर कमी झाला."

"म्हणजे आलं नाही म्हणून वापरलं नाही, आणि वापरलं नाही म्हणून लागत नाही?"

"कागदावर तसंच दिसतं, सिस्टर."

हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही धरलं तरी ते फिरून जागच्या जागी यायचं.

पलीकडच्या देशात, चाळीस किलोमीटरवर, एका इस्पितळात मॉर्फिन भरपूर होतं. सिस्टर आपल्या सुट्टीच्या दिवशी मिनीबसनं तिकडं गेल्या. दुसऱ्या दिवशी लामेकला सांगताना त्यांच्या चपलांवर अजून तिकडची तांबडी माती होती.

"तिथली सिस्टर म्हणाली, दोन बाटल्या आत्ता काढून देते. पण नाक्यावर झडती झाली तर तू नर्स राहणार नाहीस, तस्कर होशील. आणि देणारी म्हणून मीही."

झिओने दारातच उभी होती. ती म्हणाली, "सिस्टर, त्याच नाक्यावरून साखर येते, डिझेल येतं, कोंबड्या येतात. आमच्या आळीत दोन नवरे आलेत तिकडून."

"कोंबड्यांना दोन सरकारांचा कागद लागत नाही, झिओने," लामेक म्हणाला.

"नवऱ्यांना लागायला हवा होता."

झिओनेनं हे सगळं बहिणीला जाऊन सांगितलं असणार. कारण तासाभरानं मावशीची खुर्ची पुन्हा खोलीत आली. घामानं तिचं कपाळ चमकत होतं.

"औषधाला इकडं येता येत नाही," ती म्हणाली. "मला तर तिकडं जाता येतं ना?"

लामेकनं पुस्तक काढलं, पानं उलटली, दोन ठिकाणी फोन केले. मग तो म्हणाला, "तिथल्या डॉक्टरनं तपासून तुमच्या नावानं औषध दिलं, सोबत सहीशिक्क्याचा कागद दिला, तर तुमच्यापुरतं तुम्हाला आणता येतं."

"म्हणजे तीच बाटली सिस्टरच्या हातात चोरीची, आणि माझ्या हातात औषधाची?"

"हो, मावशी."

"लामेक, एवढं शिकायला तुला किती वर्षं लागली रे?"

पुढचं मी पाहिलेलं नाही. तीन दिवसांनी झिओने सिस्टरच्या बाकावर बसून सांगत होती ते ऐकलंय. मक्याच्या व्यापाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून तिनं बहिणीला नेलं. प्रत्येक खड्ड्याला ताई तिचा दंड धरायची. झिओनेनं बाही वर करून दाखवली. बोटांचे निळे वळ अजून होते. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, पहिला डोस समोरच दिला. येताना ताई गप्पा मारत आली. नाक्यावर मात्र एका नव्या शिपायानं पिशवी उघडली आणि बाटली उन्हात धरली.

"हे बंदीचं आहे," तो म्हणाला.

"बंदीचं नाही, कुलपातलं आहे," ताई म्हणाली. "कागद वाच."

"कागद कुणीही लिहितं. आहे कुणाचं हे?"

"दुखणं माझं, मग औषध कुणाचं असेल? तुझ्या साहेबाला बोलाव. त्याच्या लग्नात माझीच सुकट शिजली होती."

साहेब बाहेर आला. गादीवरच्या बाईकडे बघून त्याला काहीच ओळख पटली नाही, इतकी ती वाळली होती. पण तिनं तोंड उघडलं आणि आवाजावरून त्यानं तिला ओळखलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "एनिफाबाई, तुम्ही?" एवढंच म्हणाला. मग कागद वाचला, बाटली स्वतः परत पिशवीत ठेवली आणि आडवा बांबू वर केला.

मावशी इस्पितळात परतली नाही, घरी गेली. त्या बाटलीवर ती पाच आठवडे जगली. दारात चटईवर बसून झिओनेला सुकट कशी निवडायची ते शिकवायची आणि गिऱ्हाइकांची नक्कल करायची. एका दुपारी, टोपलीवर हात ठेवूनच, गेली.

पुरून झाल्यावर झिओने उरलेली बाटली घेऊन आली. तिसरा हिस्सा शिल्लक होता. "ताई म्हणाली होती, फेकायचं नाही," असं म्हणून तिनं ती टेबलावर ठेवली.

आता मावशीच्या खाटेवर म्वाले गुरुजी होते. मणक्याचा कॅन्सर. साऱ्या गावाला गणित शिकवलेला माणूस दिवसभर एकच शब्द म्हणत होता, "आई." सिस्टरनी आपली किल्ली काढली, मग लामेकनं आपली. दोन्ही किल्ल्या फिरल्या. बाटली माझ्या फळीवर आली. वहीत कुणी काही लिहिलं नाही. त्या दुपारी गुरुजींना एक चमचा मिळाला, आणि भिंतीपलीकडे शांत झालं. नियमांचा पक्का लामेक त्या शांततेत डोळ्यांवर हात धरून बसला होता.

तिसऱ्या दिवशी राजधानीतून तपासणीला बाई आल्या. तियामिके गोंड्वे. न कळवता. त्यांनी दोन्ही दारं उघडायला लावली आणि परक्या देशाचं लेबल वाचलं.

"हे वहीत नाही."

सिस्टरनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाई त्यांच्याबरोबर वॉर्डात गेल्या. अर्ध्या तासानं परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चष्मा होता.

"हे ओतावं लागेल," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही आत्ताच गुरुजींना बघून आलात," सिस्टर म्हणाल्या.

"बघून आले. म्हणूनच सांगते. एकीच्या नावचं औषध दुसऱ्याला दिलंत. बाटली इथं राहिली तर मला ते लिहावं लागेल. लिहिलं की तुमच्या किल्ल्या जातील आणि या कपाटाचा परवानाही. मग पुढच्यांना कोण देणार? ओता."

सिस्टरनी मोरीत बाटली उपडी केली. पाण्यासारखंच ते, पाण्यासारखं गेलं. मावशीचं उरलेलं औषध ओतून टाकलं, एवढंच लिहिलेल्या कागदावर तिघांनी सह्या केल्या. मी माझ्या उघड्या दारांनी बघत उभा होतो. दोन्ही दारं उघडी असूनही काही करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग बाईंनी विचारलं, "मागितलं आणि मिळालं नाही, असे किती जण झाले?"

सिस्टरनी वहीची मागची पानं उघडली. तिथं त्यांनी नावं लिहून ठेवली होती. एक्केचाळीस.

"हे मला हवंय," बाई म्हणाल्या. "वर्षाच्या मध्येही वाढीव मागणी कळवता येते. पण आम्ही वापरलेलंच मोजतो, न मिळालेलं कुणी मोजत नाही. प्रत्येक जिल्ह्यातून मी अशी नावं मागवते." त्यांनी पानं हातानं उतरवून घेतली. फार वेळ लागला. जाताना त्या गुरुजींच्या खाटेपाशी पुन्हा थांबल्या.

या बाईंना वाईट म्हणावं की चांगलं? मी अजून ठरवू शकलेलो नाही. गुरुजी त्यानंतर एकोणीस दिवस जगले. ते एकोणीस दिवस मी भिंतीतून ऐकले आहेत. आणि तपासणीनंतर चौथ्या महिन्यात पावडरचे डबे आले, तेही खरं. लामेक म्हणाला, व्हिएन्नाहून आकडा वाढवून मिळाला आणि विकणाऱ्या देशाचा परवाना आठ दिवसांत आला. इतक्या लांबची माणसं इतक्या लवकर 'हो' म्हणू शकत होती, तर आपण विचारायलाच एवढे दिवस का लावले, असं सिस्टर म्हणाल्या. लामेक डबे मोजून वहीत लिहू लागला.

हल्ली माझ्या फळीवर बाटल्या असतात. माझा गोंधळ मात्र संपलेला नाही. दालित्सोचे थरथरते हात आठवले की वाटतं, आणखी एक कुलूप हवं. गुरुजींचा आवाज आठवला की वाटतं, कुणीतरी घण घेऊन यावं. दोन्ही वाटणं खरी आहेत आणि दोन्ही माझ्याच पोटात आहेत.

म्हणून सगळ्या देशांच्या वतीनं माझ्याबद्दल ठरवणाऱ्यांना माझी एवढीच विनवणी आहे. कुलपं राहू द्या. पण किती लागतं हे विचारायला माझी दारं उघडून बघू नका. मला ते माहीत नसतं. भिंतीच्या पलीकडे जा आणि तिथं विचारा.

आज त्या खाटेवर चहाच्या मळ्यातली एक तरुण बाई आहे. तिला उपचार लागू पडतील असं डॉक्टर म्हणतात, तोवर दुखणं आवरायचंय. ती आत्ताच सिस्टरना हाक मारून विचारत होती, "आहे ना अजून?"

"आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि लामेकला बोलवायला गेल्या.