तिबोच्या वाटचं मीठ

मी तिबोचा लाकडी वाडगा. बर्फ वितळायचे दिवस होते, मठातली मंडळी द्राक्षवेली छाटत होती. मठाच्या दूरच्या शेतघराचा गडी हामो मला झोळीत घालून आला. मी तिबोशिवाय परतलो, तेव्हाच तो गेल्याचं सगळ्यांना समजलं.

तिबोनं मला अक्रोडाच्या ओंडक्यातून कोरलं. मी जरासा कललेलाच निघालो, त्यावर त्याचा सख्खा भाऊ एव्रार बरेच दिवस हसत होता. दोघंही याच मठात संन्यासी झाले. इथे जेवताना बोलायचं नाही, हातानं खुणा करायच्या. आणि स्वतःसाठी काही मागायचं नाही, शेजाऱ्यानं पाहून मागायचं. तिबोला मीठ जास्त लागे. ते कायम एव्रारच मागे.

एव्रार विद्वान. विवेकानं भावनेला आवरून सगळ्यांवर सारखं प्रेम कसं करावं, यावर तो ग्रंथ लिहीत होता. शेतघरी कामाला गेलेला तिबो तापानं पडला, तेव्हा हामो एव्रारला बोलवायला मठात गेला. मठाधिपतींनी जायला सांगितलं. पण एव्रार म्हणाला, इथले सगळेच माझे भाऊ. मग रक्ताच्याच भावाकडे का धावू?

हामोनं परत येऊन हे सांगितलं, तेव्हा तिबो हसला. "त्याला म्हणावं, ग्रंथातल्या प्रेमाला पाय फुटले की इकडे धाड." मग माझ्यातला रस्सा त्यानं बाजूला सारला. पुढे दार वाजलं की तो मान वळवायचा.

तो गेला तेव्हा चिखलात गाडी चालेना, म्हणून त्याला तिथेच पुरलं.

गेलेल्याचं जेवण इथे महिनाभर त्याच्या जागी वाढतात आणि मग ते दारच्या गरिबाला देतात. तसा मी रोज एव्रारच्या शेजारी असे. एके दुपारी सवयीनं त्याचा हात वर गेला. त्यानं माझ्याकडे बोट दाखवून मिठाची खूण केली. वाढपी थबकला, मग त्यानं मीठ घातलं. एव्रारचा हात तसाच अधांतरी राहिला.

म्हातारे मठाधिपती त्याला दाराशी घेऊन गेले. "रडून घे की रे."

"रडलो तर लिहिलेलं सगळं खोटं ठरेल, बाबा."

"ठरू दे. चामड्याची पानं खरवडून पुन्हा कोरी करता येतात."

महिना सरला. आता मी दारच्या गरिबांसाठी असतो. मला हाती घेणाऱ्यांनो, शेजाऱ्याला मीठ पोचलं का, तेवढं पाहत जा.

एव्रारनं ती पानं खरवडली म्हणतात. सकाळी निघालं तर शेतघर इथून दुपारपर्यंतच्या चालीवर आहे. तिबोच्या थडग्याशी तो अजून गेलेला नाही.