विनेलचा नवरा

दोन रात्रींची ही स्वस्तातली सफर लोरेटानेच ठरवली होती. पाम बीचच्या धक्क्यावरून संध्याकाळी निघायचं, सकाळी पलीकडच्या बेटावर, फ्रीपोर्टला उतरायचं, दिवसभर वाळूत लोळायचं आणि परत जहाजावर. लेकलंडला शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यापासून तिला कुठेतरी जायचंच होतं. धाकटी बहीण विनेल घटस्फोटानंतर घरात कुढत बसलेली, म्हणून तिलाही ओढून नेलं.

पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर थॅडियस भेटला. विधुर माणूस, होड्या दुरुस्त करायचा, बोलणं मऊ. लोरेटाशी इतका रमून बोलत होता की तिने हळूच पुन्हा एकदा लिपस्टिक फिरवली. मग बॅंड सुरू झाला, आणि त्याने हात पुढे केला तो विनेलसमोर.

काय नाचली विनेल! घरी खुर्चीतून उठायचा कंटाळा करणारी बाई गिरक्या काय घेत होती, लोक टाळ्या काय वाजवत होते! लोरेटाचा नुसता जळफळाट झाला. लहानपणापासून हेच. केस विनेलचे दाट, पाय विनेलचे सडपातळ. लोरेटाच्या वाट्याला काय, तर समजूतदारपणा.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर विनेल पाण्यात डुंबत होती. थॅडियस लिंबू पिळलेली, शंखातल्या मांसाची तिथली कोशिंबीर दोन वाट्यांत घेऊन आला.

"ही तुम्हाला, ही तुमच्या बहिणीला," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "एक विचारू? त्यांचं कुणी आहे का?"

"नवरा आहे की!" लोरेटा म्हणून गेली. इतकं सहज, की तिचं तिलाच नवल वाटलं. "वाट बघत असेल बिचारा."

"असं होय," म्हणत त्याने दुसरी वाटीही तिच्याजवळ ठेवली आणि निघून गेला. लोरेटाने दोन्ही वाट्या चाटूनपुसून संपवल्या.

रात्री विनेल पिवळा झगा घालून बसली. थॅडियस लांबूनच मान लववून पुढे गेला. लोरेटाकडेही फिरकला नाही.

"माझं काही चुकलं का गं?" विनेलने विचारलं.

"पुरुषांची जातच तसली," लोरेटा म्हणाली.

सकाळी उतरायच्या रांगेत मात्र तो नेमका मागेच आला. "तुमच्या नवऱ्याला नमस्कार सांगा," तो विनेलला म्हणाला. "नशीबवान माणूस."

विनेलने लोरेटाकडे पाहिलं. लोरेटा बॅगेचा पट्टा घट्ट करू लागली.

"सांगते हं," विनेल हसून म्हणाली.

गाडीत लोरेटा भांडणाची तयारी करूनच बसली होती. शहर मागे पडलं, उसाचे मळे लागले. मग विनेल खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तुला आवडला होता, तर आधी बोलायचंस ना. मी जागची हललेही नसते."

लोरेटाने स्टिअरिंग आवळून धरलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बहिणीसाठी सोडून द्यायलासुद्धा विनेलकडेच काहीतरी होतं, आणि लोरेटाला आता त्याचाही हेवा वाटत होता.