शंभर अनोळखी

छकीची चाळिशी उलटली होती, तरी आत्यासाठी ती छकीच. भाची चित्रकार म्हणून नावाजली, याचंही आत्याला काडीचं कौतुक नव्हतं. "रंग खाऊन पोट भरतं का गं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. पण या वेळी सगळा डोलारा आत्यावरच उभा होता.

छकी माणसं काढायची, जगात कुठेच नसलेली. मागच्या प्रदर्शनात एक बाई एका चित्रापुढे मटकन खाली बसली होती. "हे माझे यजमान. जाऊन सहा महिने झाले. तुम्हाला कोणी परवानगी दिली?" चेहरा मनातला आहे, असं छकी शपथेवर सांगत राहिली. बाईला ते पटलं नाही, आणि हळूहळू छकीलाही पटेना. कोणाच्या मेलेल्या माणसाला आपण पुन्हा हात लावायचा नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं. म्हणून नव्या शंभर चित्रांसाठी तिने आत्याला पारखी नेमलं. आत्या चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होती आणि एकदा पाहिलेला चेहरा विसरत नसे.

चित्र वाळलं की आत्या चष्मा पुसून समोर बसे. "हे नाक पोस्टमनचं. सर्दीसकट उचललंस की!" मग छकीने ते नाक सुरीने खरवडायचं. चित्र पास झालं की पाठीवर खडूची खूण.

साठाव्या चित्रानंतर आत्याची थट्टा आटली. काही चित्रांवर ती धड न बघताच खूण करी. काहींपुढे मात्र चहावर साय धरेपर्यंत बसून राही.

"कोणासारखी वाटते का?" छकी विचारी.

"मी नाही पाहिली अशी कोणी."

हे म्हणताना ती छकीकडे बघत नसे, आणि छकीला शंका येई. आत्याची नजर अधू झाली असेल तर? पुन्हा कोणी बाई तशीच मटकन बसली तर?

चित्रं प्रदर्शनाला न्यायला टेम्पो यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी छकी सुतळी आणायला गेली. परतली तर गुडघेदुखीने बेजार असलेल्या आत्याने एकटीने चित्रं हलवून एकवीस भिंतीशी रांगेत लावली होती. छकीने ती दीड वर्षात सुचतील तशी काढलेली. कोणी शाळकरी पोर, कोणी कारकून, कोणी बस कंडक्टर. आता डावीकडे चार वर्षांची मुलगी होती, तिच्याशेजारी दात पडलेली, मग वेण्यांची, आणि शेवटी पांढऱ्या बटांची. कपाळ एकच. डावीकडे झुकलेला ओठही एकच.

"ही कोण, आत्या?"

"तुझी थोरली बहीण."

"मला बहीण नाही."

"होती. हे पहिलं चित्र आहे ना, एवढीच होती. पुढची मी कधी पाहिलीच नाही. म्हणून खूण करत गेले. खोटं बोलले ते या पहिल्या चित्रापुरतंच."

आत्या रांगेवरून नजर न काढता बोलत होती. "लपाछपी चालली होती. ती कपाटात शिरली, बाहेरून खालची कडी तू लावलीस. अडीच वर्षांची होतीस. आम्ही सगळा परिसर पालथा घातला, विहिरीत गळ टाकला. तू एकसारखी कपाटाकडे बोट दाखवून 'ताई, ताई' करत होतीस. तुझी आई उठलीसुद्धा. मीच तिला खाली बसवलं. म्हटलं, लेकराला काय कळतंय, ताईचा फ्रॉक मागत असेल."

"मग?"

"मग कपाट उघडलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुला कधी कळू नये म्हणून तुझ्या बापाने तिचा एकूण एक फोटो जाळला."

छकीला रडू आलं नाही. भीती वाटली, स्वतःच्या हाताची. दीड वर्ष तो कोणाचं ऐकत होता?

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याने चित्रं मोजली. "बाई, शंभर सांगितली होती ना? ही तर एकोणऐंशीच."

"तेवढीच न्यायची," छकी म्हणाली.

टेम्पो गेला. आतल्या खोलीत आत्या अजून रांगेपुढेच होती. चाहूल लागताच ती वळली आणि तिने लहान मुलीसारखा छकीचा पदर धरला.

"पुढची काढ गं. मी आहे तोवर तिला म्हातारी होऊ दे."

बाविसावं चित्र छकीने सकाळीच सुरू केलं होतं.