बाराच बिल्ले

पेशी निकामी प्रथिनावर खूण लावते आणि मग त्याचे तुकडे करते. तुकडे करण्याआधी मात्र ती खूण सोडवून घेते, पुन्हा वापरायला. एवढं सिद्ध करण्यात डॉ. वर्षाली भोयर यांची नऊ वर्षं गेली.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीच वर्ध्याच्या प्रयोगशाळेतलं जुनं सेंट्रीफ्यूज भंगारात निघालं. स्टोअरच्या प्रफुलनं त्याला बांधलेला ‘बाद’ लिहिलेला लाल बिल्ला सोडून खिशात टाकला.

“काऊन काढला?” त्यांनी विचारलं.

“बाराच बिल्ले हायेत, मॅडम. दुसऱ्या मशीनले लागते.”

नऊ वर्षांत याला एकदा विचारायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातावर ठेवलं.

प्रफुलनं ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

“याच्यावर तुमचा फोटो हाये, मॅडम. हे दुसऱ्याले नाई लागत.”