वरचे चार नारळ

शनिवारची शाळा साडेअकराला सुटायची आणि त्या दिवशी सुटताना बाहेरच्या फळ्यावर इंग्रजी तुकडीत टिकलेल्या मुलांची यादी लागणार होती. दमयंतीबाईंनी ती हेडमास्तरांच्या टेबलावरच वाचली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. मालनचं नाव कुठेच नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. रत्नागिरीतल्या त्या शाळेत नुकतीच आठवीची एक तुकडी निघाली होती, गणित आणि शास्त्र इंग्रजीतून शिकवणारी. चाचणीत वीसपैकी बारा गुण पडले नाहीत, तर सोमवारपासून मराठी तुकडीत जायचं. मराठी तुकडीत काही वाघ बसलेले नव्हते. पण मालनला दहावीनंतर तंत्रनिकेतनात जायचं होतं आणि तिथं सगळी पुस्तकं इंग्रजी. मुलीनं तंत्रनिकेतनात जायचं म्हटल्यावर तिच्या मामानं कपाळाला हात लावला होता. आईनं मात्र नारळाच्या वाडीतलं काम दुप्पट करून तिला मामाकडे ठेवलं होतं, "एक वरीस बघू" म्हणून. ही तुकडी हातची गेली की ते वरीसही संपणार होतं.

मालनला दहा पडले होते. पेपर तपासला होता दमयंतीबाईंनीच. चार गुणांचं शेवटचं गणित साफ चुकलं होतं, म्हणून बाईंनी तांबड्या शाईनं शेरा मारला होता: "विद्यार्थिनीला इंग्रजी प्रश्न समजलेला नाही."

"तुमचाच शेरा आहे," हेडमास्तर केळशीकर म्हणाले. "त्यावर मी आणखी काय बोलू? मुलीला तुम्हीच सांगा."

बाई तणतणत वर्गात आल्या. चार महिने त्या शाळा सुटल्यावर तासभर थांबत होत्या. गणितातला एकेक इंग्रजी शब्द त्यांनी या पोरीकडून घोटून घेतला होता. घरी सासूबाईंची बोलणी खाल्ली होती. राग मुलीवर होता की स्वतःवर, ते त्यांनाही धड कळत नव्हतं. मालनला व्हरांड्यात बोलावून त्यांनी सगळाच तिच्यावर काढला.

"पालथ्या घड्यावर पाणी, मालन! प्रश्न कळला नव्हता तर हात वर करायचा होतास. आता जा मराठी तुकडीत!"

मालनचा चेहरा पांढराफटक पडला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली, "बाई, प्रश्न कळला व्हता."

"कळला होता? मग सांग मराठीत. आत्ता सांग!"

"एका बागायतदारानं बारा शेकडे नारळ उतरवले. एका गोणीत पंचवीस भरले. तर गोणी किती लागल्या?"

पेपरात 'ट्वेल्व्ह हंड्रेड कोकोनट्स' असंच होतं, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. बाराशे भागिले पंचवीस, अठ्ठेचाळीस गोणी, हे पाचवीतलं पोर सांगेल. या मुलीनं लिहिलं होतं: एकोणपन्नास गोणी आणि तेवीस नारळ शिल्लक.

"मग हे तेवीस नारळ आले कुठून?"

मालननं बाईंकडे असं पाहिलं की जणू त्यांनाच काही येत नव्हतं. "बारा शेकडे म्हंजे बाराशे अठ्ठेचाळीस ना, बाई." तिनं दोन्ही हात पुढे केले, एकेका हातात दोन-दोन नारळ धरल्यासारखे. "आई असे चार-चार टाकते. लाभ, दोन, तीन... पयल्याला एक नाय, लाभ म्हनायचं. असे पंचवीस येळा झाले की आनि एकदा चार टाकायचे. नासकं-फुटकं निघतं म्हनून. मंग शेकडा झाला, मंग एक खडा बाजूला. आमच्यात वरचे चार टाकल्याबिगर शेकडा धरतच नाय."

एकशे चारला बारानं गुणून, पंचवीसनं भागून, बाकीसकट उत्तर बरोबर होतं. चार महिन्यांत त्यांनी या मुलीला शब्द शिकवले होते, पण तुमच्याकडे कसं मोजतात हे एकदाही विचारलं नव्हतं. घडा पालथा होता खरा, पण तो मुलीचा नव्हे.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. शिपाई बाबू यादी आणि खळीची वाटी घेऊन निघालेला त्यांना ऑफिसच्या दारातच भेटला. "बाबू, थांब!" म्हणत त्या मालनला हाताला धरून तडक ऑफिसात शिरल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

केळशीकर सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "शाळा म्हणजे नारळाची वाडी नव्हे, बाई. पुस्तकात शंभर म्हणजे शंभर. आज हिचे एकशे चार, उद्या दुसऱ्याचे एकशे दहा. मग परीक्षा कशाला घ्यायची?"

"सर, प्रश्न तुम्ही काढलात. तुमची केळशीला वाडी आहे. तिथं शेकडा कितीचा?"

बाबू वाटी धरून तसाच उभा. आपण जास्त बोललो, नोकरीवर येणार, असं बाईंना वाटून गेलं. पण बोललेलं परत घेता येत नव्हतं आणि त्यांना घ्यायचंही नव्हतं.

सर मालनकडे वळले आणि तिच्यावर इंग्रजीतच कडाडले, "हाऊ मेनी इन युवर हंड्रेड?"

तिच्या वतीनं सांगायला बाईंनी तोंड उघडलं, तसा सरांनी त्यांना हातानं गप्प केलं.

"वन हंड्रेड अँड फोर, सर," मालन म्हणाली. मग चार बोटं वर करून, "फोर... फॉर द बॅड वन्स."

सरांनी पेपर ओढून घेतला आणि ते गणित ओळीओळीनं तपासलं. बराच वेळ लागला. "माझे वडील वरचे चार स्वतः टाकायचे," ते पेपरातून मान वर न करता म्हणाले. "गड्याला टाकू द्यायचे नाहीत." मग त्यांनी तांबड्या पेनाचं टोपण काढलं. "उत्तराचे गुण मिळणार नाहीत. कागदावर शंभर म्हणजे शंभरच, हे तुला शिकावं लागेल, पोरी. पण रीत बिनचूक आहे. रीतीचे दोन."

दहा आणि दोन बारा. मालननं ती बेरीज सगळ्यांच्या आधी केली असणार, कारण ती तिथंच ढसाढसा रडायला लागली.

सरांनी यादीत तळाशी नाव घातलं आणि पेपर बाईंसमोर सरकवला. "शेरा राहिलाय तो."

दमयंतीबाईंनी सरांचंच तांबडं पेन घेतलं आणि आपली ओळ खोडून खाली लिहिलं: "शिक्षिकेला उत्तर समजलेलं नव्हतं." त्याखाली तारीख घालून पूर्ण सही केली.

बाहेर बाबू फळ्याला खळ लावत होता.